धुतलेला कोळसा

गाडीला एक हिसका बसला, माझ्या हातातल्या नव्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या आणि कामशेतचा चढ अर्धा राहिलेला असताना गाडी उभी राहिली. उभी राहिली म्हणजे आधी गुरगुरली, मग खोकली, मग मागच्या भट्टीतून पांढऱ्या धुराचा एक लोट सोडून गप्प झाली. गोपाळनं दोन्ही हात चक्रावर आपटले. त्याच्या शेजारी बसलेल्या अण्णांना 'काय झालं?' असं विचारायचं होतं, पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, म्हणून त्यांनी नुसता घसा खाकरला. माझ्या शेजारी आत्या अंग चोरून बसली होती, माझा पदर तिला लागू नये म्हणून मधे एक वीत जागा सोडून. तिच्या पायाशी कोळशाचं पोतं होतं. कापडी टपावर पाऊस असा कोसळत होता की आत बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडण्याएवढं बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझी मीच दचकले. नांदायला निघालेल्या बाईला वाटेत गाडी बंद पडल्याचं बरं वाटावं, म्हणजे कमालच म्हणायची.

तळेगाव ते लोणावळा, केवढं ते अंतर! आगगाडीत बसलो असतो तर एव्हाना पोचून चहा होऊन गेला असता. पण अण्णांना मोटार हवी होती. दहा-अकरा वर्षांनी मुलगी सासरी परत चालली आहे, तिनं लोणावळ्याच्या फलाटावर ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरायचं, आणि चार लोकांनी म्हणायचं, मास्तरांची टाकलेली मुलगी आली हो शेवटी पायानं चालत? छे! मोटार दारात उभी राहिली पाहिजे. गल्लीतल्या लोकांनी बाहेर येऊन बघितलं पाहिजे. अण्णांनी आयुष्यभर शाळेत अंकगणित शिकवलं, पण इज्जतीचा हिशेब आला की त्यांना बेरीज येत नाही आणि वजाबाकीही येत नाही. गोपाळ, माझा धाकटा भाऊ, लष्कराला गवत पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे नोकरी करतो. त्या मालकाची गाडी त्यानं हातापाया पडून मागून आणली. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल कुपनावर, आणि कुपनाबाहेरच्या पेट्रोलचा भाव ऐकून अण्णांनी कानांवर हात ठेवले होते. म्हणून ही भट्टीची गाडी. मागे पिंपाएवढी लोखंडी भट्टी बसवलेली, तिच्यात कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, गॅस तयार झाला की त्यावर इंजिन चालायचं. टाकीत पेट्रोल होतं ते फक्त गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून आणि अडीनडीला. गोपाळ त्या पेट्रोलाकडे देव्हाऱ्यातल्या गंगाजळीकडे बघावं तसा बघत होता. मरायला टेकल्याशिवाय फोडायची नाही.

तो खाली उतरला, पोत्याची टोपी डोक्यावर घेऊन मागे गेला आणि भट्टीचं झाकण उघडलं. सळईनं ढवळल्याचा आवाज आला. मग तो माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. हातात कोळशाचा एक तुकडा.

"ताई, हा बघ. ओला आहे."

"एवढा पाऊस पडतोय, ओला नाही होणार तर काय!" अण्णा पुढून म्हणाले.

"पोतं आत आहे, अण्णा. वरनं पाणी लागलेलं नाही. हा आतून ओला आहे. पिळला तर पाणी निघेल!"

"ओला नाहीये तो," आत्या शांतपणे म्हणाली. "धुतलेला आहे."

मला आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. गोपाळचं तोंड उघडंच राहिलं, त्यात पाऊस जात होता. अण्णांनी मान वळवली. चिंतामणराव मास्तर म्हटलं की अजून तळेगावची मोठी माणसं जोड्यातून पाय काढतात. ते आपल्या थोरल्या बहिणीकडे, एखाद्या पोरानं पाटीवर काय लिहून ठेवलंय ते कळू नये तसे बघत होते. "कोळसा? कोळसा धुतलास?"

"मग काय करू, चिंतू? पोत्याला बोंबलांचा वास मारत होता. मुंबईहून सुके बोंबील ज्या पोत्यात येतात, त्याच पोत्यात कोळसेवाल्यानं कोळसा भरून दिला. मी सोवळ्यात, पूजेचं सामान मांडीवर, देवीचा अंगारा त्यात, आणि पायाशी ते? परसात ओतला, विहिरीचं पाणी ओतलं सात-आठ बादल्या, सुपातून निथळला, मग आपल्या गव्हाच्या पोत्यात भरला. जाळायचाच तर आहे. जळताना वाळेल की!"

गोपाळ हसेल असं मला वाटलं. एरवी हसला असता. पण तो चढ, तो पाऊस आणि मालकाची गाडी. त्याला रडूच कोसळायच्या बेतात होतं. "आत्या, वाळेल ना! सावकाश वाळेल! आपण पुढच्या आषाढात पोचू!" असं म्हणून त्यानं पेट्रोलवर गाडी सुरू केली, अडीनडी आली म्हणून, आणि पेट्रोलवर आम्ही कामशेतची खिंड ओलांडली. मी आत्याकडे बघत होते. तिनं डोळे मिटून घेतले होते. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, स्तोत्र असेल. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात एक गोष्ट शिरली ती शिरलीच. हिनं मुद्दाम केलं. हिला मला जाऊ द्यायचं नाहीये.

कालची संध्याकाळ मला आठवली. मी माजघरात ट्रंक भरत होते. भरत कसली, नुसती घड्या मोडून पुन्हा घालत होते. बांगड्या भरून घेतलेले हात दुखत होते. परसात रहाटाचा कर्र कर्र आवाज येत होता, पाण्यावर पाणी, पाण्यावर पाणी, आणि मला वाटलं, एवढ्या पावसात हिला कसलं मेलं पाणी लागतंय. तेव्हा ती माझ्यासाठीच पाणी ओढत होती तर! मूर्खपणा करायचा, सोवळ्याच्या नावाखाली करायचा, म्हणजे कुणी रागावणार नाही, आणि गाडी बंद पडेल, मुहूर्त टळेल. सासरच्या माणसांनी पाठवलेला निरोप, 'इंदूला पाठवून द्या, तिचं घर तिला मोकळं आहे', तोही टळेल. हे सगळं मी गाडी खिंडीतून उतरत असताना एका दमात रचलं. किती दिवसांनी काहीतरी गोड खाल्ल्यासारखं वाटलं मला. या जगात एक माणूस आहे, त्याला मी जायला नको आहे!

मला स्वतःला काय हवं होतं? हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. खरं म्हणजे मी तो प्रश्न पोटात घालून ठेवला होता. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ निरोप घेऊन आला तेव्हा मी शाळेतून नुकती आले होते, बोटांना खडू लागलेला. मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग आहे माझ्याकडे. होता. पाहुणा ओटीवर बसून चहा पीत होता आणि सांगत होता: सासूबाईंना अर्धांगाचा झटका आलाय, उजवी बाजू गेली. धाकट्या वहिनींना, म्हणजे नवऱ्यानं माझ्यामागं केलेल्या दुसरीला, पदरी तीन मुलं, चौथ्याचे दिवस आहेत, त्यांच्यानं होत नाही. असं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला की दादांना फार वाटतं, घडलं ते घडलं, पण पहिला मान इंदूवहिनींचा. अण्णांच्या डोळ्यात पाणी आलं. मी आत जाऊन हात धुतले. खडू जाता जात नव्हता. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः जाऊन मोठ्या बाईंना माझं काम सोडल्याचं सांगून आले. मोठ्या बाई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "अरुंधतीला घालते तुझ्या वर्गावर, पण पंधरा दिवस कायमचं करत नाही हो." मी हसले. त्यांना वाटलं, मला आनंद झालाय. आणि आनंदही होता ना थोडा! लबाडी कशाला करू? आत्या त्या दिवशी म्हणाली होती, "आषाढात मुली माहेरी येतात, सासरी कोण पाठवतं?" त्यावर अण्णा म्हणाले, "ती काय नवी आहे?" तेव्हा मला अण्णांचा राग आला नाही, आत्याचाच आला.

कारण एक दुपार माझ्या अंगात अजून आहे. लोणावळ्याजवळ तुंगार्लीला मुंबईच्या शेटजींचे बंगले आहेत, उन्हाळ्याखेरीज बंद असतात. त्यांची देखरेख माझ्या नवऱ्याकडे. किल्ल्यांचा मोठा जुडगा कमरेला, चालला की वाजायचा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तो मला एका बंगल्यात घेऊन गेला, गाद्यांना बुरशी लागलीय का बघायला. सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी घातलेल्या. कुबट वास. तळ्याकडची खिडकी त्यानं उघडली तर धुकं सरळ आत आलं. त्यानं एका खुर्चीवरची चादर ओढून काढली आणि मला म्हणाला, "बस. शेटाणी आहेस तू." मी बसले. त्यानं मला पान करून दिलं. बास, एवढंच. पण तसा तो पुन्हा कधी बोलला नाही, आणि मला पुढं कुणी असं कधी बसवलं नाही. दोन वर्षं झाली, मूल झालं नाही, सासूबाई म्हणाल्या, महिनाभर माहेरी राहून औषधपाणी करून ये. महिना झाला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी ओटीवर बसून रस्त्याकडे बघायची. कुणाच्या किल्ल्या वाजल्या की उठून उभी राहायची. मग एक दिवस कुणीतरी सहज सांगितलं की त्याचं लग्न झालं. तरी मी उरलेला दिवस ओटीवरच बसले, कारण उठून कुठं जायचं ते कळेना.

कार्ल्याच्या फाट्याच्या जरा पलीकडे पेट्रोल संपलं. या वेळी हिसका बसला नाही, गाडी आपली हळूहळू थकत गेली आणि एका कौलारू घराच्या समोर रस्त्याच्या कडेला थांबली. दोन्हीकडे भाताची खाचरं पाण्यानं भरलेली, डोंगर कुठं आहेत ते दिसत नव्हतं, नुसता ढग जमिनीवर उतरलेला. डोक्यावरून इरलं घेतलेला एक माणूस खाचरातून वर आला. कोंडाजी त्याचं नाव. त्यानं गाडीला फेरी घातली, भट्टीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"लोनावळ्याला निगालात व्हय? न्हाई जायाचं. वलवनच्या अल्याड वढ्याचं पानी रस्त्यावर आलंय. दुपारपातुर उतरंल. तवर हितं बसा. हितं पावसात काय करता?"

"अहो, पण आमचा कोळसा," गोपाळ म्हणाला.

"कोळशाला काय झालं?"

गोपाळनं सांगितलं. कोंडाजीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि घराकडे तोंड करून हसत हसत मोठ्यानं हाक मारली, "बये! अगं हिकडं ये! ह्यांनी कोळसा धुतलाय!" इतकं निर्मळ हसणं मी महिनाभरात ऐकलं नव्हतं. अण्णांचा चेहरा उतरला. आत्या मात्र ताठ मानेनं खाली उतरली आणि, "शेतकऱ्याच्या पडवीला हरकत नाही, आत मात्र येणार नाही," असं मला सांगून पडवीत आपली धाबळी अंथरून बसली. कोंडाजीच्या बायकोनं, बयाबाईनं, कोळसा घमेल्यात घालून चुलीवर शेकायचा असं ठरवलं. थोडा थोडा. एक घाणा वाळला की दुसरा. आणि चुलीशी बसायला मीच गेले, कारण दुसरं कोण जाणार? नव्या लुगड्याचा पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि बसले.

चुलीवर आधीच तव्यावर मासे भाजत होते. पावसात नदीचं पाणी चढतं तेव्हा खाचरांत येतात ते मासे. मला हसूच फुटलं. बोंबलांचा वास जावा म्हणून आत्यानं एवढं पाणी ओढलं, आणि आता तोच कोळसा माशांच्या चुलीवर वाळत होता. आत्याला हे सांगायचं नाही असं मी ठरवलं. घर धुरानं भरलं होतं, पण ऊब होती. बयाबाई माझ्याच वयाची असेल, किंवा लहानही. मान वाकडी करून माझ्या बांगड्या बघत होती.

"नव्या भरल्याय. नवं लगीन हाय व्हय?"

"नाही. जुनंच आहे," मी म्हणाले. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. घमेलं हलवत हलवत, शाळेत गोष्ट सांगते तसं. दुसरी बायको, तीन मुलं, सासूबाईंचा झटका, निरोप. कुणाला असं सरळ ओळीनं मी कधीच सांगितलं नव्हतं. तळेगावात सगळ्यांना माहीतच असतं, त्यामुळे सांगायची वेळच येत नाही.

तिनं मासे उलटले. "नशीब काढलं ताई तुमी," ती म्हणाली. "बलावलं तरी! आमच्या भाजे गावाला माजी चुलतभन हाय, तिला तर इचारलं बी न्हाई कुनी. आता म्हातारीचं हागनं-मुतनं काढावं लागंल, त्या दुसरीची बाळंतपनं काढावी लागतील, व्हय, पर आपल्या घरात ना? लोकाच्या दारात तर न्हाई." तिनं हे इतक्या मायेनं म्हटलं की तिच्यावर रागावताही येईना. माझी समजूत घालत होती ती. मी कोळसा हलवत राहिले. तळहात काळे, बांगड्यांवर काळं. तिनं जे म्हटलं ते सगळं मला माहीतच होतं की. पण मी ते 'सासरी जाणं' या शब्दात गुंडाळून ठेवलं होतं, आणि तिनं ते बाहेर काढून चुलीपुढं ठेवलं. त्यात कुठंही खुर्ची नव्हती, चादर नव्हती, धुकं नव्हतं. एक म्हातारी होती आणि तिचं अंथरूण होतं. माझ्या पाठीत एकदम इतका थकवा आला की मला तिथंच आडवं व्हावंसं वाटलं. आणि मग आत्याची आठवण झाली. आहे एक माणूस, पडवीत बसलंय. वाळलेल्या कोळशाचं घमेलं उचलून मी बाहेर गेले.

अण्णा आणि गोपाळ गाडीपाशी होते. आत्या माळ ओढत होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. "आत्या," मी म्हणाले, "मला माहीतय तू कोळसा का धुतलास."

"का म्हणजे? सांगितलं ना."

"खरं सांग. आता इथं कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. लाल आलवणाच्या आत तिचा चेहरा लहान झाला होता, भिजून सुकलेल्या फळासारखा. "काय खरं सांगू?"

"मी जायला नको म्हणून. मुहूर्त टळावा म्हणून. हो ना?"

माळेचा हात थांबला. तिला आधी कळलंच नाही, आणि जेव्हा कळलं तेव्हा तिला एवढा धक्का बसला की तिनं दोन्ही हात जोडले. "अगं, वेडी का तू? तुझ्या संसारात मी विघ्न आणीन? देवाशपथ इंदू, बोंबलांचा वास होता गं! माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मी तर म्हणते, लवकर पोचू दे, आपल्या घरात पडू दे पोरगी. माझ्या मूर्खपणानं अपशकुन झाला वाटतं तुला?" आणि ती रडायलाच लागली. तिच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. बोंबीलच होते. सकाळपासून मी जिच्या जिवावर उबेत होते, तिनं मला अडवायचं कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. आणि का आणावं? तिला तरी कुणी कधी अडवलं? एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, मग दिराच्या घरी बाळंतपणं, मग मावसबहिणीकडे क्षयाचं आजारपण, मग एका नणंदेकडे, मग माझी आई गेली म्हणून आमच्याकडे. प्रत्येक वेळी कुणीतरी न्यायला आलं, तिनं धाबळीचं गाठोडं बांधलं आणि ती गाडीत बसली. बैलगाडीत, आगगाडीत, टांग्यात. जाणं हे तिच्या लेखी जेवणाइतकं साधं होतं. मी तिच्याकडे बघत बसले. वाटलं, हिच्यासारखं मलाही रडता आलं तर बरं होईल. पण रडायलाही अंगात जोर लागतो.

पावसाची सर ओसरली. कोंडाजीनं वलवनकडून आलेल्या कुणाला तरी विचारून पाणी उतरल्याचं सांगितलं. गोपाळनं वाळलेला कोळसा भट्टीत भरला, बयाबाईच्या चुलीतला निखारा वर टाकला आणि पंखा फिरवायला लागला. घरघर, घरघर. अण्णा धोतर सावरत आले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो मोटार दारात उभी राहणार असा भाव आला होता. "चला. इंदू, हात धुऊन घे. बस."

"मला नाही जायचं," मी म्हणाले.

पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, "काय?" आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा ते तोंडातून सुटलं होतं. दुसऱ्यांदा मला ते म्हणायचं होतं. "अण्णा, मला लोणावळ्याला नाही जायचं. मला तळेगावला परत जायचंय." गोपाळनं पंखा थांबवला. एकदम सगळीकडे पागोळ्यांचाच आवाज उरला.

मला वाटलं होतं, अण्णा ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांना एकाएकी म्हातारपण आल्यासारखं ते पडवीच्या काठावर बसले. "मी शब्द दिलाय त्यांना," म्हणाले. "तिकडं सगळे वाट बघत असतील. सासूबाईंना कळतंय अजून, त्या विचारताहेत म्हणे. काय सांगू मी? मुलीचं मन नाही? असं सांगतात का?" मला त्यांची दया आली. मी पुढं काही बोलले नाही, कारण बोलले असते तर 'बरं, जाते' असंच बोलले असते.

तेवढ्यात आत्या उठली. डोळे पुसले, धाबळी घडी केली, काखेत मारली. "चिंतू, त्यांना माणूसच हवंय ना म्हातारीचं करायला?" ती म्हणाली. "मग मी जाते. मला येतं सगळं ते. इंदूला कुठं जमणार होतं तसंही, तिला खडूची सवय. म्हणावं, इंदूची प्रकृती बरी नाही, तोवर आत्याला पाठवली. शब्दही राहील तुझा." आणि ती चालायला लागली. दुपारचा चहा कोण करणार हे ठरवावं इतक्या सहज.

अण्णांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकानं पुसला, दोन्ही भिंगं, सावकाश. "तसं पाहिलं तर…" ते म्हणाले.

तसं पाहिलं तर! माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. म्हणजे चाललं असतं. तिकडंही चाललं असतं. इंदू काय, आत्या काय, पहिला मान काय नि शेवटचा मान काय, एक बाई घेऊन गाडी दारात उभी राहिली की झालं. माझे वडील दुष्ट नाहीत हो. त्यांनी मला शिकवलं, शाळेत नोकरी करू दिली, गावाची बोलणी खाल्ली. पण ते भिंगं पुसत होते आणि मनातल्या मनात पटवून घेत होते, आणि गोपाळ, माझा गुणी भाऊ, खाली मान घालून पंख्याच्या दांड्याशी चाळा करत होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, माझ्या आतसुद्धा कुणीतरी 'सुटले बाई' म्हणून श्वास सोडला. सोडलाच. मी ऐकला तो. तोवर आत्या गाडीत बसलीसुद्धा होती, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात, अंग चोरून, गाठोडं मांडीवर. मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. ती तिथं अशी बसली होती जशी जन्मभर बसत आलीय.

मी चिखलातून गाडीपाशी गेले आणि दार उघडलं. "आत्या, उतर."

"अगं, कुणीतरी जायला हवंच ना."

"का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अण्णांकडे बघितलं. या 'का'ला उत्तर असेल असं मला स्वतःलाही वाटलं होतं. मी वाट बघितली. कुणीच काही बोललं नाही. "उतर आत्या," मी पुन्हा म्हणाले. "तूही नाही जायचंस. त्यांना माणूस हवं असेल तर त्यांनी पैसे देऊन ठेवावं. आपल्या घरातनं कुणी जाणार नाही." माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता. बयाबाई दारात उभी राहून ऐकत होती, ऐकू दे. आत्याला उतरता येईना, पाय आखडले होते. मी तिचा दंड धरला आणि तिला खाली घेतलं. सोवळं मोडलं ते मोडलंच. ती चिखलात उभी राहिली आणि 'आता काय करायचं' असं माझ्याकडे बघायला लागली, कारण उतरल्यावर काय करायचं असतं ते तिला माहीतच नव्हतं.

"परत जायचं तर आत्ताच निघूया," गोपाळ कुणाकडेच न बघता म्हणाला. "कामशेतची खिंड उजेडी गाठायला हवी." आणि त्यानं पंखा फिरवायला घेतला, पहिल्यापेक्षा जोरात. अण्णा बराच वेळ पडवीतच बसून होते. मग उठले, कोंडाजीला नमस्कार केला आणि पुढं येऊन बसले. माझ्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत, पुढंही बरेच दिवस बोलणार नव्हते, आणि लोणावळ्याला काय कळवायचं हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागणार होतं. बयाबाई गाडीपाशी येऊन हळूच म्हणाली, "चुकलं हो ताई तुमचं." मी म्हटलं, "असेल." रस्ता अरुंद, गाडी वळवायला गोपाळला पुन्हा पुन्हा मागं-पुढं करावं लागलं. प्रत्येक वेळी वाटे, आता खाचरात जाणार.

कार्ल्याचा फाटा मागं पडला तेव्हा आत्या बोलली. मला म्हणून नाही, समोरच्या सीटच्या पाठीला सांगावं तसं. "एवढ्या जणांच्या गाड्यांत बसले गं मी. दिराच्या, मावसबहिणीच्या, तुझ्या बापाच्या. बस म्हटलं की बसले. आजवर मला उतर असं कुणी म्हटलं नव्हतं." आणि मग ती रडायला लागली, मघासारखं घाबरून नव्हे, निराळंच, तोंड न झाकता, लहान मुलासारखं. पुढच्या सीटवर अण्णांची मान हलली नाही. तिची समजूत घालायला हवी होती, काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण माझे डोळे मिटत होते. तिला रडू दिलं. मान मागं टाकली आणि मला झोप लागली.